खाष्ट सासूचा वाटा

धारूरच्या घाटमाथ्यावरच्या एका गावात मी सहा वर्षं शिक्षिका होते. ती सहाही वर्षं कौसाबाईंच्या घरातल्या दोन खोल्यांत भाड्यानं राहिले. आज या कौसाबाईंना लाख-दोन लाख माणसं ओळखतात, आणि सगळी एकाच गोष्टीसाठी ओळखतात. इतकी खाष्ट सासू वैऱ्याच्या पोरीलाही मिळू नये, म्हणून.

मी त्यांना मावशी म्हणायचे. भिंतीला भिंत लागून राहिल्यावर माणूस किती दिवस लपतं? पण मला त्या भिंतीपलीकडून कधी चढा आवाज ऐकू आला नाही. अंगणात कोंबड्या आडव्या आल्या तर मावशी त्यांना "सरका की बायांनो, मला जाऊ द्या" म्हणायच्या. एकदा शेजाऱ्याची शेळी त्यांच्या मेथीत शिरली. मी काठी घेऊन धावले, तर मावशी शेळीजवळ उभ्या राहून तिला समजावत होत्या, "बास कर आता, पोट दुखंल तुजं." शेळीनं निम्मा वाफा संपवला आणि समजल्यासारखी निघून गेली.

कुणाचंही भांडण त्यांच्यासमोर आलं की त्या दोन्ही बाजू ऐकून घ्यायच्या आणि दोघांनाही एकच वाक्य सांगायच्या, "त्याचं बी खरं हाय." त्यामुळं भांडण मिटायचं नाही, पण भांडणारे चहा पिऊन जायचे. मी शाळेतून दमून आले की त्या माझ्या तोंडाकडं बघायच्या. काही विचारायच्या नाहीत. थोड्या वेळानं खिडकीच्या कट्ट्यावर ताटली वाजायची. ताटलीत धपाटे आणि दही असायचं.

अशी ही बाई सासू झाली ती दत्तामुळं. दत्ता त्यांच्या बहिणीचा मुलगा. धारूरला त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. गावाकडच्या गमतीजमतीचे व्हिडिओ करून चॅनल चालवायचं त्यानं मनावर घेतलं होतं. त्याची बायको रेखा सून व्हायची आणि सासू तो स्वतः व्हायचा, लुगडं नेसून. ते व्हिडिओ कुणी बघितले नाहीत. खरं म्हणजे ते बघण्यासारखे नव्हतेच. लुगड्यातला दत्ता सासूपेक्षा पेशंट जास्त वाटायचा.

एका रविवारी तो सामान घेऊन मावशींच्या अंगणात आला. "मावशे, नुसती बाजंवर बस. एक वाक्य बोल. बास."

"मला न्हाई बाबा येत."

"आत्याबाई कशा बोलायच्या तसं बोल की."

आत्याबाई म्हणजे मावशींच्या सासूबाई. त्या जाऊन बरीच वर्षं झाली होती. मावशी डोक्यावरचा पदर घट्ट ओढून बाजेवर बसल्या. मी ओट्यावर वह्या तपासत होते. रेखा डोक्यावर हंडा घेऊन दारातून आत आली. मावशींनी मान हलवली नाही. नुसते डोळे तिच्याकडं वळवले, वरपासून खालपर्यंत बघितलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या,

"आलीस व्हय? मला वाटलं, हिर खणूनच आणतीस पानी."

माझ्या हातातला पेन थांबला. नाना, म्हणजे मावशींचे यजमान, लिंबाखाली तंबाखू मळत बसले होते. त्यांचा हात तळव्यावर तसाच राहिला. रेखाच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. दत्ता आनंदानं ओरडला आणि मावशी बाजेवरून उठून धावल्या. रेखाच्या डोक्यावरचा हंडा उतरवून घेत म्हणाल्या, "माय माय माय, लागलं का गं मनाला? जळू दे माजं तोंड. बस, पानी पी."

पुढं नाना कुणीही भेटलं की तो व्हिडिओ दाखवायचे आणि म्हणायचे, "चाळीस वर्सं संसार केला. घरात असं काय असंल, मला म्हाईतच नव्हतं."

मी एकदा मावशींना विचारलं. आम्ही दोघी सीताफळं निवडत बसलो होतो. पिकलेली एका पाटीत, कच्ची दुसरीत. "मावशी, हे सगळं येतं कुठून?"

"माजं काय हाय त्यात? समदं आत्याबाईचं हाय. एक शबूद माजा न्हाई." त्या हसल्या. "लई बोलायच्या म्याडम. उठता बसता. मी रडायचे तवा. आता त्येच बोलायला बसले की समदं आठवतंय, कसं वळून बगायच्या, कसा पदर झटकायच्या. त्यांचं बी खरं होतं, त्यांच्या सासूनं त्यांना लई छळल्यालं." मग एक सीताफळ दाबून बघत म्हणाल्या, "बिचाऱ्या जल्मभर फुकट बोलल्या. मला निदान पैशे तरी मिळायलेत."

पैसे मात्र इतक्या लवकर मिळत नव्हते. चॅनलला पैसे सुरू व्हायच्या अटी पुऱ्या करण्यातच वर्ष गेलं. त्यानंतरही शंभर डॉलर जमल्याशिवाय कंपनी पैसे सोडत नाही, असं दत्तानं सांगितलं. हंड्याचा व्हिडिओ दहा लाख लोकांनी बघितला. गावात पेढे वाटायची वेळ आली. पण तो अर्ध्या मिनिटाचा छोटा व्हिडिओ होता आणि छोट्या व्हिडिओला मोल फार कमी. दहा लाख लोकांच्या बघण्यातून जे आलं त्यात गोडेतेलाचा एक डबासुद्धा आला नसता.

पहिले पैसे बँकेत जमा झाले, तेव्हा दत्तानं मावशींच्या ओट्यावर वाटणी केली. साडेआठ हजारांच्या आसपास रक्कम होती. त्यातून माइकचे, स्टँडचे, रिचार्जचे आणि पेट्रोलचे वजा झाले. उरलेल्याचे चार वाटे. मावशींच्या हातात अकराशे रुपये आले. त्यांनी ते कपाळाला लावले.

नाना म्हणाले, "वर्सभर बोललीस त्याचे अकराशे? खुरपायला गेली असतीस तर आठवड्यात झाले असते."

"खुरपताना कुनी हसतंय का वो आपल्याला बगून?" मावशी म्हणाल्या. "हितं लोक हसायलेत."

गावाला मात्र हा अकराशेचा आकडा कधीच पटला नाही. दहा लाख लोकांनी बघितलं म्हणजे दहा लाख रुपये, एवढा सोपा हिशोब लोकांनी करून ठेवला होता. गणपती मंडळाची पोरं वर्गणीला आली ती पावती पुस्तकात पाच हजार लिहूनच. एक गृहस्थ अंबाजोगाई रस्त्यावरचा प्लॉट विकायला आले आणि दोन कप चहा पिऊन "विचार करून सांगा, घाई न्हाई" म्हणून गेले. मावशी सगळ्यांना खरं सांगायच्या. लोक समजूतदारपणे हसायचे. पैसेवाली माणसं असंच बोलतात, असं त्यांना वाटायचं.

आणि दुसरी अफवा पैशांच्याही पुढं पळत होती. धारूरच्या आठवडी बाजारात मी एकदा मावशींबरोबर गेले होते. वांगी विकणारी एक म्हातारी त्यांच्याकडं टक लावून बघत राहिली आणि तराजू खाली ठेवून म्हणाली, "तूच ना गं ती? लाज न्हाई वाटत सुनंला छळायला? लेकराला जेवू बी देत न्हाईस!"

मी सांगायला पुढं झाले की अहो आजी, ते खोटं असतं. पण मावशींनी हात जोडले होते. "चुकलं बाई. आता न्हाई छळायची."

"जेवू घालशील?"

"घालीन. पोटभर घालीन."

"मग घे वांगी," म्हातारी म्हणाली आणि दोन वांगी वर टाकली, "सुनंसाठी."

परत येताना मी म्हटलं, मावशी, तुम्ही खरं का नाही सांगितलं? त्या म्हणाल्या, "तिनं इतक्या मायेनं भांडन केलं. मोडू कशाला?" ती दोन वांगी त्यांनी खरोखर रेखाच्या घरी पोचती केली.

खरा पैसा मिळायची संधी एकदाच आली. मोबाइलवर पैसे लावून पत्ते खेळायचा कसला तरी खेळ होता, त्याची जाहिरात करायची होती. व्हिडिओत मावशींनी सुनेला म्हणायचं होतं, काम सोड आणि हे खेळ, घरबसल्या कमाई. एवढ्या एका वाक्याचे पंचवीस हजार. तोवरच्या सगळ्या वाट्यांच्या बेरजेपेक्षा जास्त. दत्ता हरखून आला. मावशींनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"दत्ता, मी सासू वाईट हाय. पर सुनंला जुगार खेळायला सांगनारी न्हाई."

"मावशे, सगळेच करायलेत."

"त्यांचं बी खरं असंल. आत्याबाई असं बोलल्या नसत्या." विषय संपला. दत्ता आठ दिवस फुगून बसला. मग माजलगावच्या एका साडीच्या दुकानाची जाहिरात मिळाली, दोन साड्या आणि दोन हजार रुपये. तेव्हा तो पुन्हा हसायला लागला.

याच दिवसांत अंकुशच्या लग्नाचं निघालं. अंकुश मावशींचा एकुलता एक मुलगा. दूध संकलनाच्या गाडीवर ड्रायव्हर. आईसारखाच कमी बोलणारा, पण पोरगा कष्टाळू. हल्ली खेड्यातल्या मुलाला मुलगी मिळणं किती अवघड झालंय ते सांगायला नको. त्यात तीन एकर कोरडवाहू. आणि एक दिवस माजलगावकडचं स्थळ आपणहून चालून आलं. धरणाच्या कॅनॉलवर ऊस असलेली माणसं, स्वतःच्या चारचाकीतून आली. दत्तानं आधीच मावशींना बजावलं होतं, "मावशे, चॅनलचं विचारलं तर आकडा बोलू नको. नुसती हास."

पोहे झाले, चहा झाला. मुलीचे वडील पुढं सरकून म्हणाले, "शेती कमी हाय म्हनून आमचं कायबी म्हननं न्हाई. चॅनलचं तेवढं कळलं तर बरं. महिन्याला दोन लाख तर जातच असंल."

मावशी हसल्या. दत्ताकडं बघून आणखी थोडं हसल्या. मग त्यांना ते हसू पेलवेना.

"दादा, दोन लाख लोक हायेत वो चॅनलला. रुपये न्हाईत."

पाहुणे एकमेकांकडं बघायला लागले. मावशींना वाटलं पाहुण्यांना नीट कळलं नसावं, म्हणून त्या समजावून सांगायला लागल्या. "दिवाळीच्या टायमाला बरं येतंय. एकदा बारा हजार बी आलते. मंग दोन-दोन महिने कायबी न्हाई. जे येतंय त्याचे चार वाटे. एक दत्ताचा, एक रेखाचा, एक माजा, आन् एक त्या मोबाइलचा. त्यो सारका बिगडतोय." मग पदराचं टोक दाखवत म्हणाल्या, "ही साडी बी जाहिरातीचीच हाय."

दत्तानं डोळे मिटून घेतले. पाहुण्यांनी उरलेला चहा संपवला, नारळ घेतला आणि कळवतो म्हणून निघाले. कळवलं नाही.

दुसरं स्थळ केजकडचं. त्यांना पैशांचं काही नव्हतं. पण मुलीच्या आईनं फोनवर स्पष्ट सांगितलं, "आमची पोरगी शिकल्याली हाय. तुमच्या घरी हिर खणायला द्यायची न्हाई."

त्या संध्याकाळी मावशी दत्ताला म्हणाल्या, "बास झालं बाबा. माज्यापायी लेकराचं लगीन आडलं." अंकुशनं समजावलं, "आई, मला कायबी वाटत न्हाई. तू कर." पण त्या ऐकेनात.

दोन-अडीच महिने व्हिडिओ बंद राहिले. सासूबाई कुठं गेल्या, तब्येत बरी आहे ना, असं शेकडो लोक विचारत होते. दत्ता ते वाचून दाखवायला यायचा आणि न वाचताच जायचा. मावशींची कामं पहिल्यासारखीच चालू होती. पण एका दुपारी मी वह्या तपासत बसले असताना भिंतीपलीकडून मला आवाज आला. तोच हळू, धारदार आवाज.

"शिट्टी द्यायला बी मुहूर्त काडायचा का तुजा? तुज्या बापानं डाळ शिजवून धाडली व्हती का?"

मी दारातून डोकावले. मावशी कुकरसमोर पदर घट्ट ओढून उभ्या होत्या. मला बघून इतक्या लाजल्या की मलाच कुठं तोंड लपवू असं झालं.

"म्याडम, येतंय वो तोंडावर," त्या म्हणाल्या. "कायच सुचंना झालंय." तेव्हा मला कळलं की पैशांचा वाटा बंद झाल्याचं त्यांना काही नव्हतं. दिवसभर सगळ्यांचं खरं मानणाऱ्या त्या बाईला हक्कानं खोटं वागायची एवढी एकच जागा होती, आणि ती गेली होती.

तिसरं स्थळ गेवराईचं. मुलगी पूजा, रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. वडिलांचं किराणा दुकान. मुलीनं घरात आधीच सांगितलं होतं, घर बघायला मी पण येणार. मध्यस्थ जरा नाराज होता, पण ती आली. साधा पंजाबी ड्रेस, वेणी, आणि नजर सरळ. अंकुशकडं तिनं एकदा बघितलं आणि मग मावशींकडंच बघत बसली.

वडिलांनी चॅनलचा विषय काढला. मध्यस्थानं खाकरून बघितलं, पण मावशींनी पुन्हा चार वाटे सांगितले, मोबाइलच्या वाट्यासकट. वडिलांनी मान हलवली. "पोरगा गाडीवर रोज जातोय ना?"

"जातोय की. पहाटं जातोय."

"मग बास. वरचं मिळंल त्ये मिळंल. दुकानात बी एक महिना चांगला जातोय, एक बसून जातोय."

एवढ्यात पूजा म्हणाली, "मावशी, मला एक बगायचंय. एकदा माज्यावर रागवून दाखवा."

सगळे चपापले. मावशींचा चेहरा उतरला. "अगं, ते नुसतं व्हिडिओपुरतं असतंय."

"म्हनूनच. व्हिडिओ न्हाई आता. मला बगायचंय घरात कशा रागवता."

मावशींनी अंकुशकडं बघितलं, नानांकडं बघितलं. मग उठल्या. पदर घट्ट ओढला. कमरेवर हात ठेवला. मी दारात उभी होते. तो आवाज आता निघाला तर ही मुलगी उठून जाणार, आणि मावशींना तो आवाज किती छान येतो ते मला माहीत होतं. मावशींनी पूजाकडं वरून खालपर्यंत बघितलं.

"ए... ए पूजा..." त्या म्हणाल्या. ओठ हलले. पुढचं येईना. पुन्हा एकदा पदर झटकला. "पूजा, तुज्या... चा गार व्हायलाय की गं माय तुजा. बिस्किट बी घेतलं न्हाईस. उनातानाची आलीस, कवा खाल्लंयस?"

पहिल्यांदा चहा करायला आलेली रेखा हसली, तोंडात पदर कोंबून. मग नाना. मग मुलीचे वडील असे हसले की त्यांना ठसका लागला. मावशी मात्र गोंधळून उभ्याच होत्या, परीक्षेत नापास झाल्यासारख्या. पूजानं बिस्किट उचललं, चहात बुडवलं आणि खाल्लं.

"पप्पा, माजं बगून झालं," ती म्हणाली. "फकस्त व्हिडिओ बंद करायचे न्हाईत. आमच्या लॅबमधे समद्याजनी बगतेत."

त्या रविवारी अंगणात पुन्हा बाज पडली.

लग्न ठरलं आणि नेमकी माझी बदली गेवराई तालुक्यात झाली. त्यामुळं लग्नाला मी मुलीकडच्या गावातूनच गेले. हायवेवरचं मंगल कार्यालय होतं. अक्षता पडल्यावर मुलीकडच्या बायकांनी मावशींना घेरलं. प्रत्येकीला त्यांच्याबरोबर फोटो हवा होता, तोही रागावलेल्या तोंडाचा. मावशी प्रयत्न करायच्या आणि प्रत्येक फोटोत हसायच्या. बायका हिरमुसून बाजूला व्हायच्या.

मग पाठवणीची वेळ झाली. पूजाची आई खंबीर बाई. रडायचं नाही असं तिनं ठरवलेलं दिसत होतं. तिनं पूजाच्या पाठीवरून हात फिरवला आणि मावशींकडं वळून काही बोलणार, तेवढ्यात मावशींनाच हुंदका फुटला. लहान लेकरासारखा, मोठ्यानं.

"कुनाचं एवढं वाडवल्यालं लेकरू उचलून चाललोत वो आपन," त्या नानांना म्हणाल्या. "ह्यांनी काय करायचं आता घरात?"

पूजाच्या आईनं त्यांना जवळ घेतलं. "उगी विहीनबाई, उगी. मी रडंना गेले आन् तुमी का म्हनून रडायलात?" मांडवात जमलेले लोक आधी हसले, मग त्यांच्यातल्या कित्येकांनी डोळे पुसले. दत्तानं सवयीनं खिशातून मोबाइल काढला आणि वर धरला. रेखानं त्याचा हात धरून खाली केला.

"हे न्हाई," ती म्हणाली.

गाडी सुटली तेव्हा मी कार्यालयाच्या फाटकाशी उभी होते. बीडच्या दिशेनं वळायला ती माझ्या समोरूनच गेली, हळूहळू. पुढं अंकुश आणि ड्रायव्हर. मागच्या खिडकीत मावशी अजून रडत होत्या आणि नवी नवरी, हातातला चुडा सांभाळत, पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडून त्यांच्या तोंडाशी धरत होती.